घोंगडीखालची मूठ

लालासाब पिंजाऱ्याने जन्मभर कापूस पिंजला, पण सभेत कधी तोंड उघडलं नाही. उघडणार तरी कसं? उचगावात त्याचं खोपट हंबीरराव पाटलांच्या जागेत, आणि सभेच्या खुर्चीतही पाटीलच. खुर्चीतल्या माणसाने ‘बोल’ म्हटल्याशिवाय कुणी बोलायचं नाही, असा रिवाज. पाटील कुणाला ‘बोल’ म्हणाल्याचं गावाच्या स्मरणात नव्हतं.

महाराजांच्या राज्यात तेव्हा गावोगाव नव्या मंडळ्या निघत होत्या. उचगावच्या तालमीचीही मंडळी झाली आणि अध्यक्ष मतं घेऊन निवडायचं ठरलं. पाटलांविरुद्ध आकाराम उभा राहिला. हातावर पोट असलेला पैलवान, पण ज्याचं त्याचं ऐकून घेणारा. निवड होईपर्यंत वयाने सगळ्यांत थोरल्या सभासदाने खुर्चीत बसायचं होतं. थोरला निघाला लालासाब. पाटील मिशीतल्या मिशीत हसले. असला मुका खुर्चीत बसला काय आणि न बसला काय, त्यांना सारखंच.

पाटलांनी हात वर करून मतं घ्यायला फर्मावलं. लालासाबने बघितलं, जो तो पाटलांच्या डोळ्याकडे बघत होता. त्याने खांद्यावरची घोंगडी काढली, दोन मडक्यांवर पांघरली आणि प्रत्येकाच्या हातात एकेक चिंचोका दिला. डावं मडकं पाटलांचं, उजवं आकारामचं. झाकली मूठ दोन्हींत घालायची, चिंचोका एकातच सोडायचा. पहिला गेला बाळासो. बिचारा इतका भेदरला की चिंचोका मुठीत घेऊनच परत आला. त्याला पुन्हा पाठवावं लागलं.

मडकी पालथी केली तर दोन्हीकडे नऊ-नऊ. अशा वेळी निकाल खुर्चीतल्याच्या मताने, आणि तेही सगळ्यांदेखत, तोंडाने. सगळ्यांची मूठ लालासाबने झाकली होती. त्याची झाकायला कोण येणार?

“लालासाब,” पाटील हळूच म्हणाले, “खोपट कुणाच्या जागंत हाय, ध्येनात हाय न्हवं?”

“हाय की, पाटील. खोपट तुमच्या जागंत हाय. पर आज ही खुर्ची माझ्या बुडाखाली हाय. माझं मत आकारामला.”

मग बाळासो उभा राहिला. आपला चिंचोकाही आकारामलाच होता म्हणाला. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. मडक्यात चिंचोके नऊ आणि उभे राहिलेले गडी चौदा! पाटलांनी ते चौदा जण एकदा नीट बघितले, पायात वहाणा सरकवल्या आणि निघून गेले. चौदा गडी पाठीशी उभे असलेल्या त्या खोपटाला पुढेही त्यांनी कधी हात लावला नाही.

लालासाबने खुर्ची सोडली. आकाराम तिच्यात बसला आणि त्याने पहिला शब्द काढला, “बोला, चाचा.”

लालासाब बोलायला उठला. दिवस मावळला, कुणीतरी दिवा लावला, तरी तो बोलतच होता.