एका खोलीतले दोघे

भाईंदरजवळच्या डोंगरी गावचा व्हिक्टर समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेला माणूस. घाई त्याच्या अंगात नाही. भाईंदर पूर्वेला, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात तो सुपरवायझर आहे. पॉलिशच्या काळ्या धुळीत त्याचे दात तेवढे पांढरे राहिले, असं कामगार म्हणतात.

त्या दिवशी जेवणाला थोडा अवकाश होता. पॉलिशवरच्या दशरथचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. ते ठाऊक होतं एकट्या नाथाला, कारण दोघे जालन्याकडच्या एकाच गावचे. पातेल्यांची थप्पी उचलता उचलता नाथा सगळ्यांदेखत म्हणाला, "काय नवरदेव, फोटो बघून पळाली का पोरगी? तोंड धुऊन तरी काढायचा!"

गाळा हसला. दशरथनं हातातलं पातेलं फिरवलं. नाथाची भुवई फुटली.

व्हिक्टर धावला तो त्यांच्याकडे नाही, भिंतीकडे. मेन स्विच खाली ओढला. पट्टे थांबले, चाकं गुरगुरत निजली. चालत्या मशीनपाशी झोंबाझोंबी झाली की हात जातो. मग तो दोघांच्या मध्ये उभा राहिला, दशरथच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि नाथाला दवाखान्यात नेलं.

"दोघांना घरी धाडून दे," शेठ फोनवर म्हणाला. "डोकं थंड होऊ दे."

व्हिक्टरला ते पटलं. दशरथला आधी सोडलं, टाके पडल्यावर नाथाला.

जेवायच्या वेळी फळीवर एक डबा उरला. आत ज्वारीच्या भाकऱ्या, दोघांना पुरतील एवढ्या. व्हिक्टरच्या तेव्हा ध्यानात आलं. हे दोघे एकाच खोलीत राहतात, एकाच शेगडीवर रांधतात. आपण भांडण मिटवलं नाही, घरपोच केलं.

डबा घेऊन तो रिक्षात बसला.

खोलीच्या उंबऱ्यावर नाथा होता. एक डोळा सुजून मिटलेला, मांडीशी वरवंटा. दशरथ अजून फिरकला नव्हता.

"मसाला वाटतोस काय रे?" व्हिक्टरनं विचारलं.

"येऊ द्या त्याला, अंकल. मग वाटतो."

व्हिक्टर शेजारी टेकला. वरवंट्याला त्यानं हात लावला नाही. डबा उघडून मध्ये ठेवला. "खा."

"तुम्ही आता हात मिळवायला लावणार."

"न्हाय. मार तुला लागला हाय. हात मिळवायचा का न्हाय, तुझं तू ठरव. उद्या शेठसमोर काय झालं ते तू सांग, मी बी सांगन. पन आज तो इथं झोपनार न्हाय."

नाथानं भाकरी मोडली. "लग्नाचं बोलायला नको होतं," तो भाकरीलाच म्हणाला.

"ते बी उद्या सांग."

दहाच पावलांवर, गल्लीच्या तोंडाशी दशरथ दिसला. व्हिक्टरनं पुढे होऊन त्याला तिथंच अडवलं. "कपडे मी आनतो. तू माझ्या घरी चल. बायको बोंबील तळनार हाय."

"फार लागलं का त्याला?"

"लागलं. टाके पडले."

व्हिक्टर खोलीतून कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर आला, तेव्हा नाथानं डबा बंद केला होता. निम्म्या भाकऱ्या आत तशाच. डबा व्हिक्टरकडे सरकवून तो भिंतीकडे बघत म्हणाला, "त्याला बोंबील देऊ नका. अंगावर पित्त उठतं त्याच्या."

मग त्यानं वरवंटा उचलला आणि आत नेऊन पाट्यावर ठेवला.