दक्षिणेकडे चाललेला बैल

मातीचा बैल पडद्यावर चालवायला निघालेला वेल्हे भागात मी एकटाच. गावाने मला वेड्यात काढलं होतं, आणि आता वाटतं, गावाचं फारसं चुकलं नव्हतं.

पुण्याच्या एका सिनेमा कंपनीत कॅमेरा चालवायला शिकलो आणि एक जुना कॅमेरा घेऊन मार्गासनीजवळच्या घरी परतलो. घरात आई आणि मी, दोघंच. तिच्या गोठ्याच्या कोपऱ्यात फळीवर मी वाट मांडली, डोंगर उभे केले. मातीत मेण आणि एरंडेल मळून एक म्हातारा बैल केला. भोरच्या बाजारात विकलेला हा बैल एकटाच घरी परत येतो, एवढीच गोष्ट. एक चित्र घ्यायचं, बैलाचा पाय गव्हाएवढा सरकवायचा, पुन्हा चित्र घ्यायचं. पूर्वेच्या खिडकीतून ऊन येई तेवढ्यात काम उरकायचं. एका सकाळीत बैल दोन पावलं चालायचा. असे दोन हिवाळे घातले. फिल्म होती तेवढीच. महायुद्धामुळे नवी कुठेच मिळेना.

पुण्याला फिल्म धुऊन झाली तेव्हा कंपनीतल्या जुन्या सोबत्यांना बोलावून पडद्यावर लावली. बैल दोन पावलं चालला आणि दचकून बोटभर बाजूला उडाला. पुन्हा दोन पावलं, पुन्हा उडी. शेवटपर्यंत तेच. लोक पोट धरून हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रत्येक उडी एका दिवसाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होई तिथेच होती. म्हणजे मधल्या वेळात बैलाला कुणीतरी हात लावत होतं. घरी येऊन आईला विचारलं.

"व्हय, म्याच लावायची," ती म्हणाली. "तू वाट मांडलीस दक्षिनेला. यमाच्या दिशेला तोंड करून मुकं जनावर रातभर कसं उभं ठिवायचं? दिवा लावला की उगवतीकडं फिरवायची. सकाळी शेन काढताना पुन्यांदा हुतं तसंच ठिवायची की."

तिच्या लेखी ते तसंच होतं. बोटभर फरक रोज समोर असून मलाही दिसला नव्हता. तरी मी म्हणालो, "माझ्या जन्माची माती केलीस तू."

त्यानंतर तिने त्या कोपऱ्यात पाऊल टाकलं नाही, आणि मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. तिची समजूत काढायला हवी होती. मी ते आज-उद्या करत राहिलो. बैल फळीवर दक्षिणेकडे तोंड करून धूळ खात उभा होता.

पुढच्या वर्षी ती तापाने गेली. शेजारच्या बायकांनी जमीन सारवली आणि रीतीप्रमाणे दक्षिणेकडे पाय करून तिला निजवलं. तिला उचलून उगवतीकडे फिरवावं, असं मला फार वाटलं. लोक काय म्हणतील म्हणून मी नुसता उभा राहिलो.