वार्निशाखालचा अंगठा

"शी!"

मास्तरांच्या तोंडून दिवसाचा पहिला शब्द हाच निघायचा. जालन्याच्या मस्तगडातल्या आमच्या जिन्यावर कोण हलकट रोज पानाची पिंक टाकून जायचा ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण तिथं पहिली "शी" व्हायची. वर आल्यावर कालचा उष्टा कप दिसला की दुसरी. आणि टेबलावर कोणी सोल्डर केलेला बोर्ड असला की तो नाकाशी धरून, डोळे मिटून वास घ्यायचे आणि एकदम तीन, "शी, शी, शी!" माघारी सगळे त्यांना 'शी मास्तर' म्हणत. मीही म्हणायचे.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं ती. एका किराणा दुकानाच्या माडीवर आम्ही पाच-सहा जण इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवायचो. मास्तर आधी कुठल्याशा आयटीआयला शिकवायचे, तिथल्या वर्कशॉपची घाण सहन होईना म्हणून सोडून आलेले. मी औरंगाबादहून डिप्लोमा करून आलेली, तिथली एकटी बाई, डोक्यात हवा भरलेली. पहिल्याच दिवशी मी बोर्डाला हात लावला तसे मास्तर ओरडले, "ओ बाई! आधी हात धुवून या!" मला वाटलं, बाईमाणसाचा विटाळबिटाळ मानणारा म्हातारा दिसतोय. संतापच आला. मग पाहिलं तर शेठलासुद्धा तेच ऐकवत होते. कोपऱ्यात बादली, लाल साबण आणि धुतलेला पंचा. त्या साबणातून कोणाचीच सुटका नव्हती.

मास्तरांची ही किळस निव्वळ चक्रमपणा नव्हता, हे कळायला मला सहा महिने लागले. काट्याच्या पाटाखाली एक धातूचा तुकडा असतो, लोडसेल म्हणतात त्याला. वजन ठेवलं की तो जरासा वाकतो आणि त्यातून अगदी नगण्य व्होल्टेज येतं. ते शे-दोनशे पट मोठं करायचं, मग दुसऱ्या चिपनं त्याचे आकडे करायचे. किती पट मोठं करायचं हे एक रेझिस्टर ठरवतो. आता सोल्डर करताना लावतात ती पिवळी पेस्ट या रेझिस्टरच्या दोन पायांमध्ये तशीच राहिली, वर कोणाचं घामट बोट लागलं, की हवा दमट झाल्याबरोबर त्या घाणीतून वीज झिरपते आणि काटा वजन कमी दाखवतो. हवा कोरडी झाली की पुन्हा बरोबर! म्हणजे चोर सापडायलाही तयार नाही. पुस्तकात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पुस्तकातलं सर्किट कायम स्वच्छच असतं.

"कागदावर कोणी बी डिझाइन करील," मास्तर म्हणायचे. "कागदाला घाम येतो का? माणसाचा हात लागल्यावर जे टिकल, ते बराबर डिझाइन." म्हणून प्रत्येक बोर्ड स्पिरिट आणि ब्रशनं घासायचा, वाळवायचा, मगच त्यावर वार्निश मारायचं. आणि मग ओल्या पोत्याची परीक्षा. काट्यावर वजन म्हणून एक जुना दगडी पाटा ठेवायचा, आतला बोर्ड ओल्या गोणपाटाखाली झाकायचा आणि दिवसभर आकडा बघत बसायचं. शेवटचा आकडा जरी हलला तरी बोर्ड परत. शेठ कपाळावर हात मारायचे, "मास्तर, जल्दी करा हो, गिऱ्हाईक बसून राह्यलं!" मास्तर मान वर करायचे नाहीत.

कौतुक करणं त्यांना जमायचं नाही. बोर्डाचा वास घेऊन "शी" म्हटलं नाही, की समजायचं पास. फारच आवडला तर खिशातून पेरू काढून, धुऊन, अर्धा पुढे करायचे. मी पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यानं अ‍ॅम्प्लिफायर डिझाइन केला तेव्हा त्यांनी अख्खी दुपार तो ओल्या पोत्याखाली ठेवला. संध्याकाळी मला अर्धा पेरू मिळाला. आणि म्हणाले, "आमच्या गावचा काटा याच डिझाइनवर करू."

मास्तरांचं गाव जाफराबादच्या पुढं. तिथल्या लोकांनी मिळून स्वतःचा काटा घ्यायचं ठरवलं होतं. कापूस आधी गावात तोलायचा, ज्याचा त्याचा आकडा लिहायचा, मग सगळा एका टेम्पोतून व्यापाऱ्याकडं न्यायचा. म्हणजे व्यापारी वजनात मारतो का ते कळेल. तोलायचं काम मास्तरांच्या धाकट्या भावाकडं, नानांकडं. दादाचा काटा आहे, डोळे मिटून घ्या, असं नानांनीच घरोघर सांगितलेलं.

आता ऐका माझे प्रताप. दिवाळी तोंडावर. मास्तर सामान आणायला औरंगाबादला गेलेले. गावाचा बोर्ड माझ्या हातात आणि माझं सगळं लक्ष दुपारच्या एसटीकडं, कारण भाऊबीजेआधी मला माहेर गाठायचं होतं. खालून कोणीतरी मिरचीची भजी आणली. मी एका हातानं भजी खाल्ली आणि त्याच हातानं बोर्ड उचलला. स्पिरिटनं घासलं नाही. ओलं पोतं घातलं नाही. पेस्टवरच वार्निश फासलं, छान चकचकीत दिसायला लागलं, आणि परीक्षेच्या वहीत बरोबरची खूण करून मी पळाले. कोणाला कळतंय! असं मनात म्हटल्याचंही मला आठवतं. थू माझ्या तोंडावर.

दिवाळी झाल्यावर एक दिवस नाना माडीवर आले. चहा पुढं केला तर कपाला हात लावला नाही. "दादा," म्हणाले, "सकाळी दहिवरात कापूस तोलला तं भारी भरायला पायजे का न्हाई? वला कापूस कधी हलका झाल्ता का? हा काटा सकाळी घटवून राह्यला. तेच पोतं दुपारी तोललं तं किलोभर जास्ती. गावात कमी भरलेला माल व्यापाऱ्याकडं जास्ती भरून राह्यला. लोक म्हनून राह्यले, मधला कापूस नाना खातो. दोघा भावांनी काट्यात काहीतरी बसवलं म्हनून राह्यले." आणि तो साठीकडं झुकलेला माणूस आमच्यादेखत रडायला लागला. मला त्याच क्षणी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर आणि मी एसटीनं जाफराबाद, तिथून जीपनं गाव. नानांच्या ओसरीवर पंधरा-वीस माणसं बसलेली. कोणी रामराम घातला नाही. काट्याच्या डब्यावर हळदीकुंकू वाळलेलं होतं, नारळाच्या पाण्याचे ओघळ होते. नव्या यंत्राची पूजा केलेली, दुसरं काय? आणि मी, डिप्लोमावाली बाई, सगळ्यांच्या आधी तोंड उघडलं. "बघा ना मास्तर, पूजेचं पाणी आत गेलंय. कुंकू गेलंय. कसं बरोबर दाखवणार?"

दारात नानांच्या घरच्या उभ्या होत्या, काकू. त्यांचं तोंड एवढंसं झालं. "म्या तं नुसतं वरून लावलं हो," म्हणाल्या. गर्दीतून एक जण म्हणाला, "बायांच्या हाती दिलं की असंच." मला बरं वाटलं, हे सांगायची लाज वाटते, पण वाटलं. सुटले म्हणून.

मास्तरांनी डबा उघडला. आत पाण्याचा थेंब नाही, कुंकवाचा कण नाही. बोर्ड आरशासारखा चमकतोय. त्यांनी तो नाकाशी धरला. "शी" म्हटलं नाही. रेझिस्टरजवळ नखानं वार्निश खरवडलं, खालून पिवळी पेस्ट निघाली. मग खिशातलं भिंग लावून बघत राहिले, आणि मान वर करून एकदाच माझ्याकडं पाहिलं. वार्निशाखाली तेलकट अंगठा स्पष्ट उमटला होता.

"नानाच्या मंडळीचा काही दोष न्हाई," ते लोकांकडं वळून म्हणाले. "पाणी आत गेल्तंच न्हाई. घाण आधीपासून होती, अन् ती माझ्या हातची. बोर्ड म्या धुतला न्हाई. हा बघा माझा अंगठा." आणि त्यांनी बोर्ड आणि भिंग फिरवायला दिलं. हातोहात सगळ्यांकडं फिरलं. नानांनीही पाहिलं. मग काट्यावर पन्नास किलो ठेवून, ओलं पोतं मागवून बोर्डावर धरलं आणि पन्नासचा आकडा सगळ्यांसमोर एकोणपन्नासवर उतरवून दाखवला. कोणीतरी फिदीफिदी हसलं, "आयुष्यभर दुसऱ्याला शी शी केलं, अन् स्वतःच घाण निघाले की मास्तर!"

मास्तरांनी पिशवीतून स्पिरिट काढलं. ओसरीवर मांडी घालून तीन तास वार्निश खरवडलं, घासलं, वाळवलं. पुन्हा पोतं घातलं. पन्नास ते पन्नास. ज्यांचं कमी भरलं होतं त्यांचं व्यापाऱ्याच्या वजनानं पुरं करायचं ठरलं, नानांना लोकांनी पुन्हा तोलायला बसवलं. आणि मी? मी खांबाला टेकून गप्प बसले होते. एक वाक्य पुरेसं होतं. जिभेवर आलेलं ते गिळलं. जिन्यावरची ती पिंक परवडली, मी नाही.

परत जालन्याच्या स्टँडवर उतरल्यावर मास्तर एवढंच म्हणाले, "घरी गेल्यावर हात धुवा, बाई." मला वाटलं, आता माझा प्रत्येक बोर्ड तपासतील, शेठला सांगतील, निदान चिडतील तरी. छे! एकही बोर्ड तपासला नाही. पूर्वीसारखं नाकाशी धरायचे आणि ठेवून द्यायचे. शिव्या खाणं त्यापेक्षा सोपं गेलं असतं. मग मीच घासायला लागले, एकदा, दोनदा, ब्रशचे केस झडेपर्यंत. पुढं काही वर्षांनी ती माडी बंद झाली, मी औरंगाबादला नोकरी धरली. तिथली पोरं माघारी मला 'शी मॅडम' म्हणतात, हे मला माहीत आहे. म्हणू देत.

मास्तर गेल्याचं मला उशिरा कळलं. वर्ष उलटून गेलं, आणि मग खंडेनवमीला मी एकटीच त्या गावाला गेले. अवजारांची पूजा मांडलेली होती. नांगर, विळे, फवारणीचा पंप, सगळ्यांना हळदीकुंकू, झेंडूची फुलं. ओसरीच्या कोपऱ्यात आमचा काटा होता. पुसलेला, लख्ख, आणि कोरा. त्यावर कुंकवाचा ठिपकाही नव्हता.

मी नानांना सगळं सांगितलं. भजी, एसटी, वहीतली खूण, सगळं. नाना ऐकून घेत होते. मग म्हणाले, "आमाला काय म्हाईत नव्हतं का, बाई? दादाचा अंगठा हा एवढा. अन् वार्निशातला चिंचोक्याएवढा. अख्ख्या ओसरीनं पाह्यला. दादाला खोटं बोलता येतच नव्हतं. जिंदगीत एकदाच बोलला, अन् ते काम बी घाण करून ठेवलं."

म्हणजे इतकी वर्षं माझं पाप मी एकटीच झाकून बसले होते. बाकी सगळ्यांना ते दिसत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू दारातच उभ्या होत्या, त्या दिवशी उभ्या होत्या तशाच. "काकू," मी कोऱ्या काट्याकडं बोट केलं, "याला का नाही लावलं?"

"कसं लावू?" त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही शिकलेल्या. म्हणल्या, माझ्या कुंकवानं बिघडला. अंगठा दादांचा नव्हता ते मला बी कळलं. पण कुंकू वाईट नव्हतं, असं तुम्ही कुठं म्हणल्या?"

मी म्हटलं, "नव्हतं, काकू. माझा हात वाईट होता. ताट द्या. आज मी लावते."

त्यांनी पूजेचं ताट उचललं. मी हात पुढं केला तसं त्यांनी ते मागं घेतलं, माझ्या बोटांकडं पाहिलं आणि न्हाणीकडं मान हलवली.

"आधी हात धुवून या," त्या म्हणाल्या.