आम्ही अडवलेली बाकं

कोर्टात ज्याचं काम असतं तोच जातो, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. माझ्या शिवणवर्गात जवळच्या खापा गावची एक मुलगी यायची. नागपुरात गांधीबागेतल्या एका कापडाच्या गोदामात ती कामाला होती. तिथल्या मालकाच्या भाच्यानं तिच्यावर जबरदस्ती केली. बाप तिला घेऊन पोलिसात गेला, केस उभी राहिली आणि साक्षीच्या दिवशी मी सोबत गेले.

बाकं गच्च भरली होती. पानठेल्यावरचे रिकामटेकडे, दुसऱ्याच कामाला आलेले पक्षकार, एक महाभाग तर जेवणाचा डबा घेऊन बसलेला. सरकारी वकिलानं पहिलाच प्रश्न विचारला, तोच मागून कुणीतरी मुद्दाम खाकरलं आणि सगळे हसले. पोरीचं तोंडच उघडेना. पुढची तारीख पडली.

वर्गात हे सांगितलं तेव्हा काजं करायला येणारी एक म्हातारी म्हणाली, "त्याईले बसाले जागाच नाही ठेवाची वं. आपनच जाऊन बसू."

तारखेला दार उघडायच्या आधीच आम्ही वऱ्हांड्यात हजर. प्रत्येक बाकावर आम्हीच, मांडीवर पिशव्या, हातात सुईदोरा. बघे आले, डोकावले. एकानं सरकून घ्या म्हटलं, तर म्हातारीनं आणखी ऐसपैस मांडी घातली आणि विचारलं, "तुही कोन लागते गा ते पोरगी?" तो निमूट गेला. मुलीनं आमच्याकडे बघत बघत सगळं सांगितलं. आवाज कापत होता, पण सांगितलं. उलटतपासणी तेवढी राहिली.

मधल्या काळात कायदा बदलला. त्यासाठी गावोगावी बायका रस्त्यावर उतरल्या होत्या, आमच्या नागपुरातल्या मोर्चात मीही घसा बसेपर्यंत ओरडले होते. आता असे खटले बंद दाराआड चालणार होते. वर्गात आम्ही चहा केला, आलूबोंडे मागवले. मुलगी कधी नव्हे ती हसली. मला वाटलं, जिंकलो आपण!

तारखेला सवयीनं आम्ही बाकं धरली. शिपाई आला. "चला, बाहीर व्हा सगळ्या. दार लावून चालनार हाये आता."

"अहो, आम्ही तिच्याच सोबत आहोत," मी म्हटलं.

"कायदा हाये बाई. तुमीच मांगत होत्या ना?"

निदान एकीला तरी बसू द्या, म्हणून मी न्यायाधीशांना विनवलं. त्यांनी शांतपणे नाही म्हटलं. माणूस वाईट नव्हता. आपण मुलीची अब्रू राखतो आहोत, असंच त्यांना मनापासून वाटत होतं, आणि त्याचाच मला अजून राग येतो. आत न्यायाधीश, वकील, कारकून, पोलीस आणि तो. सगळे पुरुष, आणि त्यांच्यात ही एकटी.

आम्ही वऱ्हांड्यातल्या फरशीवर बसून राहिलो. त्या दिवशी कुणी सुई बाहेर काढली नाही.

बऱ्याच वेळानं सरकारी वकील बाहेर आले. "एका प्रश्नाचं उत्तर दिलं नाही तिनं," ते कंटाळून म्हणाले. पुढे तो सुटला. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ कोर्टानं आपल्या परीनं लावला. नंतर आम्ही अर्ज केले, वरपर्यंत लिहिलं, की दार बंद करा, पण आत मुलीच्या हक्काची एक तरी बाई असू द्या. आमचं म्हणणं लोक मान डोलावून ऐकायचे, तेवढंच.

त्या दिवशी वकिलांच्या मागून ती भिंतीला धरून बाहेर आली होती. म्हातारीनं तिला जवळ घेतलं. मी चिडूनच विचारलं, "का गं, मागच्या वेळी एवढं धीरानं बोललीस, मग आज काय झालं?"

"शिपायानं दार लावलं ना ताई," ती म्हणाली, "तवा मी पुन्हा गोदामातच होती."