कडी लावून गेलेला माणूस

नाट्यस्पर्धेच्या परीक्षकांच्या शेऱ्यांचा कागद आमच्या नाटकमंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला तेव्हा मी गवार निवडत होते. शेरा वाचला आणि गवार तशीच राहिली. शेरा असा होता: ‘आबांची भूमिका करणाऱ्या नटाचा आवाज दमदार. मात्र घराला कडी लावून गेलेलं पात्र पुन्हा कडी उघडून आत येतं आणि तेच पद म्हणतं, हे नाट्यदृष्ट्या पटत नाही.’

पटत नाही म्हणे! अहो, पण त्याला परत बोलावलं कुणी? पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीत बसून ‘वन्स मोअर’ अशी पहिली आरोळी ठोकली ती याच परीक्षकांनी. मी पेटीवर होते, त्यांच्यापासून आठ-दहा फुटांवर. माझे गुडघे गेलेत, कान अजून शाबूत आहेत.

संताप एवढ्यासाठी की त्या प्रयोगाची जी क्लिप आज लोणावळ्यात फिरते आहे, ती दुसऱ्या वेळच्या गाण्याची आहे. पहिल्या वेळी कुणी फोन काढलाच नाही, कारण सगळे ऐकत होते. म्हणजे खरं गाणं कुठेच नाही. ते मी लिहून ठेवते आहे. रागाच्या भरात लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते.

आबा करणाऱ्या या माणसाला मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं. लोणावळा स्टेशनच्या तिकीट खिडकीमागे माझी सगळी नोकरी गेली. तिथे माणसाचा चेहरा दिसत नाही, हात दिसतो आणि आवाज येतो. एका सकाळी आवाज आला, “देहूरोड, म्हयन्याचा पास.” एवढेच शब्द, पण काउंटरच्या फळीवर टेकलेल्या माझ्या मनगटात ते जाणवले. मान वर केली. वाटलं होतं कुणी पहिलवान गडी असेल, तर समोर चाळिशीतला काटकुळा माणूस. वलवण धरणाच्या पलीकडच्या एका वाडीतला, देहूरोडच्या डेपोत ठेकेदाराकडे खोकी उचलायच्या कामावर.

मी विचारलं, “गाता का हो तुम्ही?”

“न्हाई बाई. भजनात बसतो, पन टाळ वाजिवतो.”

“का? गात का नाही?”

“माजा आवाज वर चडत न्हाई. बुवा म्हन्ले, तू आपला टाळच धर.”

मागे रांग खोळंबली होती, लोक कुरकुरत होते, म्हणून मी गप्प बसले. नाहीतर त्या बुवांबद्दल मला बरंच बोलायचं होतं. आमच्या मावळातलं भजन काळी चारच्या उंच पट्टीखाली उतरायला तयार नसतं. जो सगळ्यांत वर ओरडेल तो गवई. इंग्रजी गाण्यात असल्या भारदस्त खालच्या आवाजाला बॅरिटोन म्हणतात आणि त्याच्यासाठी मुद्दाम भूमिका लिहितात. आपल्याकडे त्या आवाजाच्या हातात टाळ देतात.

मी निवृत्त झाले आणि हौशी मंडळाची पेटी पूर्ण वेळ सांभाळू लागले. त्या वर्षी मंडळाने नवं संगीत नाटक घेतलं. धरणात गाव बुडणार असतं, सगळे उठून जातात, शेवटी एक म्हातारा आबा घरात उरतो. आबा कोण करणार यावर चर्चा चालली होती. मी पत्ता काढत वाडीवर गेले आणि त्याला घेऊन आले. तालमीच्या पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं, “आमच्या पनज्याचं घर पान्याखालीच हाये. मे म्हयन्यात पानी खाली गेलं की जोतं दिसतं.” त्याने ते बसथांबा कुठे आहे हे सांगावं तसं सांगितलं. दिग्दर्शकांनी ते लगेच वहीत लिहून घेतलं.

दिग्दर्शक आमचे बँकेतून निवृत्त झालेले, सज्जन, पण संगीत नाटकाच्या त्यांच्या कल्पना ठरलेल्या. नायक काळी दोनमध्ये गातो म्हणजे आबानेही काळी दोनमध्येच गायचं. दोन दिवस तसं करून पाहिलं. त्याच्या मानेच्या शिरा फुगायच्या, डोळे मोठे व्हायचे आणि आवाज असा बारीक व्हायचा की दुसऱ्याच्या चपला घालून चालतोय असं वाटावं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मला हळूच म्हणाला, “बाई, बुवा खरंच बोलले व्हते.”

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी दिग्दर्शकांना सांगितलं, पेटी माझी आहे, पट्टी मी ठरवणार. आणि पट्टी लावली खालची पांढरी सहा. म्हणजे बाकीचे जिथे पोचल्यावर आवाज सोडून देतात, तिथे याने गायला सुरुवात करायची. दिग्दर्शक म्हणाले, “प्रेक्षक झोपतील.” मी म्हटलं, झोपले तर त्यांना चादरी आपण देऊ.

श्वास कसा घ्यायचा हे मी त्याला शिकवायला गेले आणि माझीच शिकवणी झाली. त्याला ते येत होतं. जड खोकं उचलताना दम पोटात धरायचा आणि ते खाली ठेवेपर्यंत थोडा थोडा सोडायचा, हे वीस वर्षं तो रोज करत होता. मी फक्त म्हटलं, “ओळ म्हणजे खोकं समजा. शेवटच्या अक्षरापर्यंत टाकायचं नाही.” त्यानंतर त्याची एकही ओळ मध्येच पडली नाही.

आता तो प्रयोग. रविवारची दुपार, चार वाजताचा खेळ, लोणावळ्यातलं सभागृह जवळजवळ भरलेलं. प्रवेश असा की मुलं-सुना सामान घेऊन पुढे गेल्यात आणि आबा एकटा घरात आहे. चार ओळींचं पद.

मी सुरुवातीचे सूर दिले. तो गायला लागला नाही. खुंटीवरची घोंगडी काढली, झटकली, खांद्यावर टाकली. मी पुन्हा सूर दिले. तेव्हा तो घराशी बोलावं तसं काहीतरी बोलायला लागला, आणि ती पदाची पहिली ओळ होती. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते मला, पेटीवर बसून, कळलं नाही. सूर मात्र पहिल्या अक्षरापासून पक्का होता.

दुसरी ओळ खर्जाच्या षड्जावर, म्हणजे अगदी तळाच्या ‘सा’वर उतरते. तिथे उतरताना बहुतेक गाणारे हनुवटी छातीत खुपसतात आणि आवाज घशात दाबतात. मग कानावर नुसती घरघर येते. याने मान सरळ ठेवली, जबडा सैल सोडला आणि तो सूर आला तसा येऊ दिला. मोठा केला नाही. तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाने खोकला आवरला, हे मी ऐकलं.

तिसऱ्या ओळीत चालीप्रमाणे एक तान आहे. तालमीत तो ती घ्यायचा. त्या दिवशी त्याने ती घेतली नाही. चुलीसमोर बसला, आणि तळहाताने चुलीची कड पुसता पुसता एकच सूर लांबवला. हात डावीकडून उजवीकडे जाईपर्यंत तो सूर टिकला, हात थांबला तिथे सूर थांबला. जी चूल उद्या पाण्याखाली जाणार ती कोण पुसतं? पण आपल्या घरची प्रत्येक बाई पुसेल, मीही पुसेन. तिथे माझे डोळे भरून आले, हे कबूल करते.

आणि चौथी ओळ. ‘व्हा पुढे तुम्ही, कडी लावून येतो.’ ‘कडी लावून’ म्हणत तो दाराबाहेर गेला, दार ओढलं आणि कडी घातली. तबलजी तिथे थांबला होता. कडीचा आवाज बरोबर समेवर पडला. मग बंद दारामागून, जवळजवळ श्वासावर, ‘येतो’ एवढंच. शेवटच्या अक्षरावर ना कंप, ना रडं. रडायचं काम त्याने आमच्यावर सोडलं होतं.

मग टाळ्या. त्या योग्यच होत्या. आणि मग मधल्या खुर्चीतून ती आरोळी. “वन्स मोअर!” तिच्यामागे सगळं सभागृह.

काही स्पर्धांत वन्स मोअर घ्यायला बंदी असते, इथे नव्हती. पण मी नियमांच्या मागे लपणार नाही. वन्स मोअर आला की पेटीवाल्याने पुन्हा सूर द्यायचे, ही मंचावरची रीत, आणि माझ्या बोटांना ती चाळीस वर्षांची सवय. मला समजायच्या आत माझ्या बोटांनी सुरुवातीचे सूर दिले होते.

तो आला. बाहेरून कडी काढली, दार उघडलं, आत आला, प्रेक्षकांना हात जोडले. आबा गेला आणि देहूरोडच्या डेपोतला एक भिडस्त माणूस उरला. त्याने पद पुन्हा म्हटलं. सूर चोख, तान घेतली, टाळ्या पडल्या, फोन वर झाले. चुलीकडे गेलाच नाही. शेवटी कडी घातली तेव्हा तबलजी वाजवतच होता, त्यामुळे कडी कुणाला ऐकू आली नाही.

निकालात त्याला गाण्याचं प्रमाणपत्र मिळालं. अभिनयात काही नाही, कारण तो शेरा. आधी माणसाला ओरडून परत बोलवायचं आणि मग परत का आलास म्हणून गुण कापायचे! मी परीक्षकांना पत्र लिहिलं, चांगलं खरमरीत. उत्तर आलं नाही.

पुढचा प्रयोग त्याच्याच गावात, देवळाच्या सभामंडपात ठरला होता. तालमीच्या दिवशी तो आला नाही. दुसऱ्या तालमीलाही नाही. दिग्दर्शक म्हणाले, दुसरा आबा बघू, काळी दोनवाला. मी रिक्षा केली आणि वाडीवर गेले.

तो अंगणात खुरप्याला धार लावत होता. प्रमाणपत्र घरात कुठे दिसलं नाही. मी बसायच्या आधीच परीक्षकांना शिव्या घालायला सुरुवात केली. शेरा, खुर्ची, आरोळी, सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाला, “बाई, लोक वरडत्यात. लोकांचं काय. मी त्यांच्या वरडन्यानं न्हाई आलतो.”

“मग?”

“तुमी सूर दिला, म्हून आलो.”

दोन आठवडे मी ज्या माणसावर आग पाखडत होते, तो पेटीपासून आठ-दहा फुटांवर होता. पेटीवर मी होते.

“कडी काडताना हात जड झाला वो,” तो खुरप्याकडे बघत म्हणाला. “म्हनलं, आता ह्या घरात कशाला जायाचं? कोन हाये तितं? मग आत गेलो आन् नुसतं म्हनलं. त्यापरीस टाळ बरा. टाळ वाजिवताना खोटं लागत न्हाई.”

मी त्याची माफी मागितली. आयुष्यात मी फार कमी लोकांची माफी मागितली आहे, आणि तिकीट खिडकीतून तर एकदाही नाही. तो ओशाळला, “आसं नगा करू बाई,” म्हणाला, बायकोला चहा टाकायला सांगितलं. कप हातात देताना तो म्हणाला, “येतो मी. पन एक हाये. परत बोलवायचं न्हाई.”

मी शब्द दिला.

देवळाचा सभामंडप तिन्ही बाजूंनी उघडा. रविवारी दुपारी गाव जमलं, पुढे सतरंजीवर भजनी मंडळ, मध्यभागी बुवा. तेच बुवा, ज्यांनी त्याच्या हातात टाळ दिला होता. मी मुद्दाम त्यांच्याकडे बघत पांढरी सहाचा सूर धरला.

तो गायला. या वेळी चुलीपाशी आधीपेक्षा जास्त वेळ थांबला, आणि मला भाता अगदी हळू सोडावा लागला. बाया पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. कडी समेवर पडली. दारामागून ‘येतो’ आलं.

आणि गुडघ्यावर उठून, हात वर करून, सगळ्यांत आधी बुवाच ओरडले, “व्हय रं गड्या! पुना एकदा व्हऊ दे!”

सगळं गाव त्यांच्यामागे ओरडायला लागलं. बुवांच्या तोंडून हे ऐकायला त्या माणसाने वीस वर्षं टाळ वाजवला होता, हे मला ठाऊक होतं. दिग्दर्शक समोरच्या विंगेतून मला हाताने खुणावत होते, वाजवा, वाजवा. माझी बोटं पट्ट्यांवरच होती. मी ती उचलली, भाता मिटला, पेटीचं झाकण लावलं, त्याची पितळी कडी अडकवली आणि दोन्ही हात झाकणावर ठेवून बसले.

ओरडा चालूच होता. मग कडेला बसलेल्या बायांनी बाहेर बघितलं, आणि मग बाकीच्यांनीही. घोंगडी खांद्यावर घेऊन तो देवळामागच्या पायवाटेने धरणाच्या बाजूला चालला होता, आबाच्याच चालीने, एक पाय किंचित ओढत. त्याने मागे वळून पाहिलं नाही, कुणाला हात जोडले नाहीत. एकेक आवाज बंद होत गेला. सगळ्यांत शेवटी बुवांनी वर केलेला हात खाली घेतला.