मळलेली पाठ

आमच्या गल्लीत कुस्त्यांच्या दंगलीहून परतलेल्या पहिलवानाला कोणी निकाल विचारत नसे. "पाठ दाखवा" म्हणत. पहिलवानाने सदरा वर करायचा, वळून उभं राहायचं आणि बघणाऱ्यांनी काय ते समजून घ्यायचं. पाठीला माती म्हणजे चीत झाला. माती नाही म्हणजे जिंकला, निदान बरोबरीत तरी सुटला. म्हणून अंघोळ घरी येऊनच करायची. वाटेत वेणा नदीवर अंग धुऊन आलेल्या पहिलवानावर गल्लीचा विश्वास बसत नसे.

माझे बाबा हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलायचे आणि सुटीच्या दिवशी कुस्त्या मारायचे. त्यांची पाठ स्वच्छ असायची. छाती, गुडघे, कान, सगळं मातीने भरलेलं आणि पाठ मात्र धुतल्यासारखी. मी लहान असताना त्यांच्या मागे उभी राहून ती पाठ लोकांना दाखवायचे, जशी काही ती मीच राखली होती.

मला भाऊ नाही. असता तरी बाबांनी मला कुस्ती शिकवलीच असती, असं मी मानते. आखाड्यात पोरगी उतरवली म्हणून काही लोक बोलले. बाबांनी त्यांना एवढंच म्हटलं, "माती काही इचारत नाई, तुम्ही कायले इचारता?" पहिला धडा डावाचा नव्हता, पडण्याचा होता. "पडली का पलट, बाई. आभाळ दिसलं का हारली." मग ते मला ढकलायचे आणि मी तव्यावरच्या भाकरीसारखी हवेतच उलटून पोटावर पडायचे. हे इतकं अंगात मुरलं की झोपेत खाटेवरून पडले तरी मी पालथीच पडायचे. आई त्यावर अजून हसते.

बारावीनंतर मी वर्ध्याला कॉलेजात गेले, इतिहास घेऊन बीए केलं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे मी कुठेही गेले तरी सांगते. ज्यांच्या घरी तीन पिढ्यांच्या पदव्या भिंतीवर आहेत त्यांना ते फार वाटत असेल, तर वाटो. पण त्याच तीन वर्षांत मी आणखी एक गोष्ट शिकले, जिचं सर्टिफिकेट भिंतीवर लागत नाही. कॉलेजजवळ एका सरांचा क्लास होता. टिनाचं छप्पर, खाली निळ्या मॅट, एका कोपऱ्यात लटकलेली वाळूची बॅग. तिथे एमएमए शिकवत. ठोसाही चालतो, लाथही चालते, पाडणंही चालतं आणि पाडल्यावर खेळ थांबत नाही. मी कुस्तीची, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना पाडलं. सर खूश, मी त्याहून खूश.

मग नागपूरला माझी पहिली लढत झाली. समोरची मुलगी ज्युदो करून आलेली. तिने मला कमरेवरून असं फेकलं की मला कळलंच नाही. पण अंगाला कळलं. अंग पलटलं, पोटावर पडलं. आखाड्यात लोकांनी शाबास म्हटलं असतं. इथे ती शांतपणे माझ्या पाठीवर बसली, हनुवटीखालून हात घातला आणि गळा आवळला. मी मॅटवर हात आपटला. हात आपटणे म्हणजे हार कबूल.

घरी आले तर गल्लीच्या तोंडाशी शेजारचे काका बसलेले. बाबांच्या जुन्या कुस्त्या पाहिलेला माणूस. म्हणाले, "आली का पहिलवानीण. दाखव पाठ."

मी वळले. पाठ स्वच्छ होती.

"वा," काका म्हणाले. "बापाची पोरगी."

"हारली मी, काका."

काकांनी ओट्यावर बाजूलाच बसलेल्या बाबांकडे पाहिलं. बाबांनी पुन्हा माझ्या पाठीकडे पाहिलं, शर्टाची शिवण तपासावी तसं. "पाठ तं साफ हाये," ते म्हणाले. "मंग हारली कशी?"

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला दिवाळीची अख्खी सुटी लागली. माझ्या घरात उत्तर द्यायचं म्हणजे मुळापासून द्यावं लागतं, आणि मी तर इतिहासवाली. रोज संध्याकाळी अंगणात खाटेवर बाबा आणि मी मोबाईलवर जुन्या लढती बघू लागलो. अगदी सुरुवातीच्या, जेव्हा हा खेळ नवा होता. तेव्हा वजनाचे गट नव्हते, हातमोजे नव्हते. प्रत्येक जण आपापल्या घराण्याचा वेश घालून यायचा. बॉक्सिंगवाला बॉक्सिंगची चड्डी घालून, कराटेवाला पांढरा झगा घालून, आणि कोणी नुसताच दांडगा. कोणाला दुसऱ्याचं काही येत नव्हतं. ज्याला त्याला वाटायचं, आपलंच खरं.

पहिल्याच लढतीत झगेवाला एक बारीक माणूस एका धिप्पाड गड्यासमोर आपण होऊन पाठीवर पडला.

"हा हारला," बाबा म्हणाले. "लाव दुसरी."

"थांबा ना, बाबा."

"थांबू काय? आभाळ पाहून राह्यला थो."

धिप्पाड गडी त्याच्यावर चढला. बारक्याने खालून त्याच्या मानेभोवती पाय गुंडाळले, हात ओढला, आणि काही वेळाने वर बसलेलाच मॅट बडवू लागला.

"हा काऊन हात आपटून राह्यला? हा तं वर हाये."

"हारला तो."

बाबांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला, बोटाने मागे सरकवला आणि पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच. शेवटी म्हणाले, "पंच विकत घेतला असंल."

पण दुसऱ्या दिवशी ते जिनिंगवरून आले आणि हातपाय धुवायच्या आधीच विचारलं, "मंग पुढं काय झालं?"

पुढे कुस्तीवाले आले. खालून गळा कसा आवळला जातो हे त्यांनी शिकून घेतलं आणि मग ते सापळ्यात सापडेनात. धावत जाऊन पाय उचलायचे, आपटायचे, वर बसायचे आणि वरून ठोसे मारायचे. बाबा खाटेवर मांडी घालून बसले. "आता आले आपले लोक," म्हणाले आणि आईला चहा मागितला. ते दोनतीन दिवस घरात सणासारखे गेले. पायात घुसून मारलेल्या प्रत्येक पटाला बाबा "हा मी असाच मारत होतो" म्हणायचे आणि आई आतून "हो, आणि मी पाठ चोळत होते" म्हणायची.

मग ठोसेवाले शहाणे झाले. ते कुस्ती शिकले, पण पाडायला नाही, न पडायला. समोरचा पायात घुसला की हे पाय मागे फेकून छातीचा भार त्याच्या मानेवर टाकायचे, उठायचे आणि पुन्हा ठोसे. कुस्तीवाले पायात घुसून घुसून दमले आणि मार खाऊ लागले. बाबांनी त्या दिवशी चहा अर्धा ठेवला. "आपल्यायले काऊन मारून राह्यले?" एवढंच म्हणाले.

"मग आपलेही ठोसे शिकले, बाबा."

आणि मी त्यांना आजच्या लढती दाखवल्या. एकच माणूस लाथ मारतो, पाडतो, पडला तर खालून गळा धरतो, रिंगणाभोवतीच्या जाळीला पाठ लावून उठतो आणि उठता उठता कोपर मारतो. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "हा कोणत्या आखाड्याचा?"

"सगळ्या."

"म्हणजे पाहून सांगता येत नाई, कोणाचा हाये ते?"

"नाही."

"बरं झालं," बाबा म्हणाले. आमच्या वस्तीतल्या माणसाला पाहता क्षणी कोण कोणाचा ते ओळखणारे लोक त्यांनी आयुष्यभर पाहिलेत. त्यामुळे ते 'बरं झालं' कशाबद्दल होतं ते मी विचारलं नाही. आम्ही दोघं हसलो.

माझी चूक त्यांना समजली होती. मी बिचारी कुस्तीवाल्यांच्या दुसऱ्या काळातली पहिलवान, सगळं येणाऱ्यांच्या चौथ्या काळात लढत होते. पलटले की गळा देत होते. आता मला पडल्यावर पाठीवरच राहून, पाय आडवे घालून, खालून लढायला शिकायचं होतं. सरांनी महिनोन्‌महिने तेच करून घेतलं. सुटीत घरी आले की अंगणात सतरंजी टाकून मी शेजारच्या मैत्रिणीसोबत सराव करायचे. बाबा तेव्हा मागच्या दाराने बाहेर जायचे. डोक्याने कळणं वेगळं. पोरीची पाठ जमिनीला लागलेली त्यांना बघवत नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात वर्ध्यातच लढती ठरल्या आणि माझ्या नशिबाने समोर तीच ज्युदोवाली आली. बाबा म्हणाले, "या वेळी मी येतो." मला आनंद झाला, पण पुरता नाही. ती मला फेकणार हे नक्की होतं. ती फेकणार, मी पडणार, आणि मग बाबांसमोर आभाळ बघत पडून राहायचं. निघताना बाबांनी तेही बोलून दाखवलं. "जे करायचं थे कर. फक्त माह्यासमोर पाठ टेकवू नको. मले उठून जावं लागंन."

"बाबा, मग जिंकू कशी?"

बाबांनी डबा उचलला आणि बसस्टँडकडे निघाले. बसमध्ये सेवाग्रामचा फाटा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

हॉल भरला होता. बाबा दुसऱ्या रांगेत, मांडीवर डबा घेऊन. मी पहिल्या मिनिटात दोन ठोसे चांगले मारले आणि मनात म्हटलं, असंच चालू दे, पडायची वेळच नको. पण ती माझ्यापेक्षा तयार होती. तिने मानेमागे पकडलं, कंबर घातली आणि हॉलचं छप्पर माझ्या पायांखालून गेलं.

खाली येताना माझं अंग पलटायला निघालं. लहानपणापासूनचं अंग ते. एक खांदा वळलाही होता. आणि त्या सगळ्या गोंगाटात दुसऱ्या रांगेतून आवाज आला, "पलटू नको. पडून राह्य, बाई. पडून राह्य."

हॉलमध्ये हशा पिकला. लढतीला आलेल्या आईबापांनी "ऊठ, ऊठ" ओरडलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. पोरीला पडून राहा म्हणणारा बाप कोणी पाहिला नव्हता. मीही पडल्या पडल्या हसले, खरंच. आणि पाठ मॅटला अशी लावली, जशी घरच्या गादीलाच. वर ट्यूबलाइट दिसत होती. ज्युदोवाली ठोसा मारायला वाकली, एक हात आत राहिला, आणि मी पाय वर घेऊन तिची मान आणि तो हात कैचीत धरला. सर बाहेरून "आवळ" म्हणत होते. बाबा "पडून राह्य" म्हणत होते. मी दोघांचंही ऐकलं.

तिने माझ्या मांडीवर हात आपटला. दोनदा, मग भराभर.

पंचाने माझा हात वर केला तेव्हा मी दुसऱ्या रांगेत पाहिलं. बाबा उभे होते. उठून जाणार म्हणाले होते, उठले तेवढे होते. डब्यातली चटणी सदऱ्यावर सांडलेली त्यांना कळलीही नव्हती. ज्युदोवालीने मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "तुझे पप्पा भारी आहेत."

हिंगणघाटला उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. मी कपडे बदलणार होते, तर बाबांनी बसस्टँडवरच अडवलं. "नको. तसंच चाल." गल्लीच्या तोंडाशी काका होतेच.

"दाखव पाठ," काका म्हणाले.

मी वळायच्या आधी बाबांनीच माझे खांदे धरून मला वळवलं. माझा निळा टीशर्ट पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत मॅटच्या धुळीने काळा-पांढरा झाला होता, घामाने ती धूळ चिकटून बसली होती. एवढी मळलेली पाठ आमच्या घरात कधी आली नव्हती.

काकांचा चेहरा पडला. "हारली का बाई पुन्हा?"

"हारंल कायले?" बाबा म्हणाले. त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि काकांच्या बाजूला ओट्यावर बसले. "मोबाईल दे गं. इकडे सरका, पहिलवान. आंधी कसं होतं, थे सांगतो तुमाले. आंधी जो थो आपापल्या आखाड्याचा होता..."

मी चपला काढून खाली पायरीवर बसले. झगेवाला बारीक माणूस आपण होऊन पाठीवर पडला.

"हारला हा," काका म्हणाले.

"थांबा ना," बाबा म्हणाले.