शेंगांच्या गोदामाचे गर्डर

लढाईच्या दिवसांत सांगलीतल्या एका व्यापाऱ्याचं शेंगांचं गोदाम मी इंजिनियर म्हणून बांधून घेत होतो. छताला लोखंडी गर्डर होते. आग लागली तर लोखंड तापून लांबतं, टोकांशी भिंतीत जागा सोडू या, असं मी मालकांना दोनदा सांगितलं. ते हसले. "लोखंडाला कसली आलीय आग!"

पुढच्या उन्हाळ्यात भरदुपारी पोत्यांनी पेट घेतला. मालकांच्याच दुसऱ्या बांधकामावर असल्यानं मी तिथंच होतो. हमाल पोती ओढायला आत धावले. "बाहेर या, छत खाली येईल!" मी ओरडलो.

"आवं सायब, लाकूड न्हाई ते, लोखंड हाय," मुकादम म्हणाला. मी त्याचा दंड धरून त्याला ओढत बाहेर आणलं, तसे बाकीचेही कुरकुरत आले. थोड्याच वेळात लांबलेल्या गर्डरांनी भिंत बाहेर ढकलली आणि मऊ पडून ते वाकत खाली आले.

माणसं वाचली. मालकांनी मात्र गवंड्याच्या चुन्याला दोष देऊन त्याला हाकललं. मी भांडलो, कागदावर आकृती काढून दाखवली. त्यांनी ती पाहिलीही नाही. तेच गर्डर लोहाराकडून सरळ करून तसेच बसवा, असं मलाच सांगितलं. मी काम सोडून साताऱ्याला आलो. चिडचिड कितीतरी महिने गेली नाही.